दवाखान्याचा वकील तो आपला वकील नव्हे

आरोग्याच्या या पानावर ताप, साखर, बाळंतपण, रक्तदाब यांची माहिती यायची, तिथे वकिलाचे काय काम, असे वाचकांना वाटेल. पण शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या आपल्या वस्त्यांमधून मोठ्या आजारासाठी माणूस जातो तो योजनेच्या दवाखान्यात. रेशनकार्ड, आधार, सही, अंगठा, फोटो यांवर तिथला उपचार चालतो. पुढे त्याच कागदांवरून खोट्या बिलांची चौकशी निघाली, तर नोटीस डॉक्टरांच्या बंगल्यावर जाते तशी आपल्या पत्र्याच्या घरावरही येते. त्या दिवशी घाबरून भलत्याच माणसाच्या हातात वकीलपत्र जाऊ नये, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

कार्ड आपले, बिल त्यांचे

२ जुलै २०१२ रोजी राज्यातील काही जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती सगळ्या महाराष्ट्रात आली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि महाराष्ट्रात दोन्ही एकत्र चालू लागल्या. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. या योजनेने आपल्या कितीतरी घरांतली माणसे वाचवली आहेत. तेव्हा हा लेख वाचून योजनेला भिऊ नये.

पण पैशाची वाट समजून घ्यावी. दवाखाना आपले कार्ड आणि आधार घेतो, फोटो काढतो, आजाराचे कागद ऑनलाइन पाठवतो, मंजुरी घेतो आणि उपचारानंतर बिल लावतो. पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात जातात. आपल्या नावावर कोणता आजार दाखवला, किती दिवस भरती दाखवली, कोणते ऑपरेशन लिहिले, हे आपल्याला दिसत नाही. गडबड होते ती इथेच. तपासून घरी पाठवलेल्या माणसाला भरती दाखवायचे, लहान उपचाराचे मोठे बिल लावायचे, रुग्णाकडून रोख घेऊन योजनेकडूनही घ्यायचे, असे हे प्रकार असतात.

देशाच्या महालेखापरीक्षकांनी आयुष्मान योजनेवर दिलेला अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडला गेला. ९९९९९९९९९९ या एकाच मोबाईल नंबरवर ७ लाख ४९ हजार ८२० लाभार्थ्यांची नोंद असल्याचे त्यात आढळले. आधीच मृत म्हणून नोंद झालेल्या रुग्णांच्या नावावर पुन्हा उपचार दाखवून पैसे दिल्याच्या नोंदीही सापडल्या. असे काही सापडले की आधी योजनेचे अधिकारी कागद तपासतात. गंभीर असेल तर दवाखान्याचे नाव योजनेतून काढले जाते आणि पोलिसांत गुन्हा नोंदवला जातो.

चौकशी कोणाच्या दारात येते?

आपल्या वस्तीतला माणूस यात तीन वाटांनी अडकतो.

पहिली वाट रुग्णाची. कार्ड त्याचे, सही त्याची. ‘कोऱ्या फॉर्मवर सही करा, पुढचे आम्ही बघतो’ असे कोणी म्हटले आणि त्याने केली.

दुसरी वाट कामगाराची. आपली शिकलेली मुले-मुली दवाखान्यात वॉर्डबॉय, नर्स, लॅब टेक्निशियन, कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून दहा-बारा हजारांवर राबतात. सांगितलेली नोंद तीच करतात, त्यामुळे लॉगिन आणि हस्ताक्षर त्यांचेच सापडते.

तिसरी वाट नोकरदाराची. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत ज्यांचे ईएसआय कापले जाते ते कामगार, दौंडचे रेल्वे कर्मचारी, शिक्षक, सरकारी नोकर यांनी दिलेली आजारपणाची प्रमाणपत्रे आणि वैद्यकीय बिले खोटी असल्याचा आरोप होऊ शकतो. ईएसआयच्या लाभासाठी खोटी माहिती दिल्यास कायद्याप्रमाणे कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. रेल्वे किंवा केंद्राच्या इतर खात्याचे मोठे प्रकरण सीबीआयकडे गेले, तर शिरूर-दौंडच्या कोर्टाऐवजी पुण्याच्या विशेष न्यायालयात खेपा घालाव्या लागतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबादच्या ख्याती हॉस्पिटलचे प्रकरण गाजले. मेहसाणा जिल्ह्यातल्या बोरिसणा गावात मोफत तपासणी शिबिर झाले. तिथून नेलेल्या १९ जणांची अँजिओग्राफी झाली, त्यांतल्या सात जणांची अँजिओप्लास्टी झाली आणि दोघे दगावले. आयुष्मान योजनेचे पैसे लाटण्यासाठी हे केले, असा आरोप झाला. अटक झालेल्यांत डॉक्टर आणि संचालक होते, तशी पगारावर काम करणारी माणसेही होती.

आपल्या पुण्यातले उदाहरण आणखी बोलके आहे. ते योजनेच्या बिलांचे नाही, पण खोट्या वैद्यकीय कागदांचे आहे. २०२२ मध्ये रुबी हॉल क्लिनिकमधल्या किडनी प्रत्यारोपणात खोटी कागदपत्रे वापरल्याचा आरोप झाला. पंधरा लाख रुपयांचे आमिष दाखवून, रुग्णाची पत्नी असल्याचे भासवून आपली किडनी घेतली आणि ठरलेले पैसे दिले नाहीत, अशी तक्रार कोल्हापूरच्या एका महिलेने केली. मे महिन्यात कोरेगाव पार्क पोलिसांनी पंधरा जणांवर गुन्हा नोंदवला. त्यात रुग्णालयाशी संबंधित माणसे होती, मध्यस्थ होते आणि स्वतः ती महिलाही होती. आरोप सिद्ध होणे ही पुढची गोष्ट. पण फसवले गेलेले माणूसही आरोपींच्या यादीत येऊ शकते, हे यातून लक्षात घ्यावे.

पहिला प्रश्न: हा वकील कोणाचा?

अशा वेळी दवाखान्याच्या मालकाकडून निरोप येतो, ‘काळजी करू नका, आपला वकील आहे. सगळ्यांचे एकत्रच बघू. खर्च आमचा.’ घरात पैसा नसतो, मालकाचा आधार वाटतो आणि वकीलपत्रावर सही होते.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की इथे थांबा.

चौकशी पुढे सरकते तशी प्रत्येकाची बाजू वेगळी होते. ‘नोंदी ऑपरेटरने केल्या, आम्हाला माहीत नव्हते,’ हा मालकाचा बचाव असू शकतो. ‘मला सांगितले तसे मी केले,’ हा ऑपरेटरचा बचाव असतो. ‘मी कधी भरतीच झालो नाही,’ असे रुग्ण म्हणेल आणि ‘रुग्णानेच खोटे कागद आणले,’ असे दवाखाना म्हणेल. एकच वकील ही तोंडे वेगवेगळ्या दिशांना असलेली माणसे कशी सांभाळणार? ज्याची फी तो घेतो, त्याचीच बाजू आधी मांडली जाणार. आणि ज्याच्या सांगण्यावरून तुम्ही काम केले त्याचे नाव घ्यायची वेळ आली, तर तुमचा वकील गप्प बसेल.

वकिलांच्या धंद्याचे नियम बार कौन्सिलने घालून दिले आहेत. प्रकरणातल्या इतर माणसांशी आपला संबंध असेल तर तो वकिलाने अशिलाला आधीच स्पष्ट सांगितला पाहिजे, असे त्यांत आहे. म्हणून पहिल्याच भेटीत न लाजता विचारावे, ‘वकीलसाहेब, दवाखान्याचे वकीलपत्र तुमच्याकडे आहे का? डॉक्टरांचे दुसरे काही काम तुम्ही बघता का?’ उत्तर हो असेल, तर नमस्कार करून उठावे.

बोलावणे कशाचे आहे?

वकिलाकडे जाताना हातातला कागद कोणता आहे हे माहीत हवे. पोलिसांचा नुसता फोन आला तर लेखी नोटीस मागा. लेखी बोलावण्याचे मुख्य प्रकार दोन.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ ची नोटीस साक्षीदाराला असते. स्त्रिया, पंधरा वर्षांखालचे मुलगे, साठीपुढचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी माणसे यांना साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांचा जबाब ते राहतात तिथेच घ्यायचा असतो.

कलम ३५(३) ची नोटीस संशयिताला असते. तिला हजर राहावेच लागते. हजर राहून सहकार्य करणाऱ्याला पोलिसांनी अटक करायची ठरवली, तर त्याची कारणे नोंदवावी लागतात. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक नको, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात सांगितले आहे. फसवणुकीच्या कलम ३१८(४) ची शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. मात्र मौल्यवान दस्तऐवजाच्या बनावटीचे कलम ३३८ लावले, तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. प्रकार १ जुलै २०२४ पूर्वीचा असेल तर जुनी कलमे, म्हणजे ४२० आणि ४६७, दिसतील. म्हणून कोणती कलमे लागली आहेत हे वकिलाने सर्वांत आधी बघायचे असते. अटकपूर्व जामीन मागायचा की नाही, हे त्यावरच ठरते.

पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करावी लागत नाही. नोटीस मिळाल्याची पोच देणे वेगळे. योजनेचे किंवा खात्याचे अधिकारी घेतात त्या जबाबावर मात्र सही मागतात. तो पूर्ण वाचून घ्यावा, वाचता येत नसेल तर सोबतच्या माणसाकडून वाचून घ्यावा आणि नक्कल मागावी. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, हा हक्क संविधानाच्या कलम २०(३) ने दिला आहे.

मोबाईलवर व्हिडिओ कॉल करून ‘सीबीआयमधून बोलतो, तुमच्या आधारवर बोगस बिले निघाली, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे,’ असे कोणी म्हणाले, तर तो चोर समजावा. डिजिटल अटक नावाची गोष्ट कायद्यात नाही. फोन ठेवून १९३० वर तक्रार करावी.

वकील निवडताना

शिरूर आणि दौंड दोन्ही ठिकाणी कोर्ट आहे, वकीलही पुष्कळ आहेत. पण सातबाऱ्याचे, वाटणीचे, घटस्फोटाचे काम उत्तम करणारा वकील फौजदारी कामात तितकाच तयार असेल असे नाही. एक दिवस कोर्टात जाऊन बसावे. जामिनाची कामे कोण चालवतो, न्यायाधीशांसमोर तयारीने कोण बोलतो आणि तारखेला कोण हजरच नसतो, हे दिसते. मग दोघा-तिघांना भेटून ठरवावे.

भेटीत या गोष्टी विचाराव्यात:

– फसवणुकीची, बनावट कागदांची कामे तुम्ही चालवली आहेत का? आधी जामीन की आधी कागद, तुमचा विचार काय?

– दवाखान्याचे केसपेपर, भरतीचे रजिस्टर, योजनेची ऑनलाइन नोंद हे सगळे तुम्ही स्वतः वाचणार का? या कामात बचाव कागदांत असतो. ज्या दिवशी भरती दाखवली त्या दिवशी माणूस कंपनीत हजेरीवर होता, हा एक कागद पुष्कळ बोलतो.

– तारखेला तुम्ही येणार की ज्युनिअर? काम सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात गेले तर कोण बघणार?

– फी किती, कोणत्या टप्प्याला किती, त्यात टायपिंग, नकला आणि प्रवास धरला आहे का? हे कागदावर लिहून घ्यावे आणि दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्यावी.

वकीलपत्र वाचल्याशिवाय सही करू नये. कोऱ्या कागदावर तर मुळीच नको. त्या एका सवयीनेच आपण इथवर आलेलो असतो.

आणि तीन माणसांपासून लांब राहावे. ‘काम झाले तरच फी द्या’ म्हणणारा, कारण निकालावर फी ठरवायला वकिलाला बंदी आहे. ‘साहेबांना द्यावे लागतील’ म्हणणारा, कारण तो तुम्हाला दुसऱ्या गुन्ह्यात ओढतो. आणि ‘शंभर टक्के सोडवतो’ म्हणणारा, कारण निकाल कोणाच्याच हातात नसतो.

बाबासाहेबांची वकिली आठवावी. १९२६ मध्ये पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकाच्या खटल्यात त्यांनी जवळकर, जेधे आदींचे वकीलपत्र घेतले आणि अपिलात ते निर्दोष सुटले. १९३४ मध्ये त्यांनी मुंबईत र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा खटला चालवला. लैंगिक आरोग्याच्या प्रश्नांना उघड उत्तरे देणाऱ्या या मासिकावर अश्लीलतेचा आरोप होता. तो खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. एक जिंकला, एक हरला, पण दोन्ही वेळा वकील अशिलाच्या बाजूने पूर्ण तयारीनिशी उभा होता. वकिलाकडून मागायचे ते एवढेच.

वकील नीट काम करत नसेल तर तो बदलता येतो. फी बाकी आहे म्हणून आपले कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट केले आहे. गंभीर फसवणूक झाली तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते.

पैसे नाहीत म्हणून वकील नाही, असे होऊ देऊ नका

१९७८ मध्ये महाराष्ट्रातलाच एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. विद्यापीठाच्या बनावट पदव्यांच्या प्रकरणात शिक्षा झालेल्या होस्कोट नावाच्या कैद्याचा. त्यात न्यायालयाने सांगितले, की गरीब कैद्याला सरकारी खर्चाने वकील देणे हे उपकार नसून कर्तव्य आहे. संविधानाच्या कलम ३९-अ मध्ये मोफत कायदेशीर मदतीचे तत्त्व आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ ने त्याला यंत्रणा दिली.

त्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची माणसे, स्त्रिया, मुले, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेला कोणीही मोफत वकिलाला पात्र आहे. यांना उत्पन्नाची अट नाही. आपल्या घरांत एक शंका नेहमी निघते, ‘आम्ही बौद्ध, मग अनुसूचित जातीत धरतील का?’ धरतील. अनुसूचित जातींच्या आदेशात १९९० मध्ये दुरुस्ती झाली आणि बौद्धांचा त्यात समावेश झाला. जातीचे प्रमाणपत्र सोबत ठेवावे. स्त्रीला तर तेही दाखवायची गरज नाही, स्त्री असणे पुरेसे आहे.

मागायचे कुठे? प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते आणि तिथले ज्येष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. शिरूर किंवा दौंडच्या कोर्टात जाऊन साध्या कागदावर अर्ज द्यावा. पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० या नंबरवर फोन करूनही मदत मागता येते. अटक होऊन न्यायाधीशांसमोर उभे केले, तर तिथेच हात जोडून सांगावे, ‘साहेब, मला वकील नाही, मला सरकारी खर्चाने वकील द्या.’

‘फुकटचा वकील काय कामाचा’ असे आपल्यात बोलले जाते. या वकिलाचे पैसे समिती देते. त्याने तुमच्याकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. घेतला किंवा तारखांना आला नाही, तर समितीकडे अर्ज करून दुसरा मागावा. दवाखान्याच्या पैशाने मिळालेल्या मोठ्या वकिलापेक्षा फक्त तुमचे ऐकणारा समितीचा वकील आम्हाला केव्हाही बरा वाटतो.

कागद सांभाळा, औषधेही सांभाळा

नोटीस आल्यावर घाबरून कागद फाडू नका, मोबाईलमधले मेसेज पुसू नका. पुरावा नष्ट करणे हा वेगळा गुन्हा होतो. आणि तोच मेसेज कदाचित तुमचा बचाव असतो. कामगारांनी नेमणूकपत्र, ड्यूटीचा तक्ता, पगाराची नोंद, वरिष्ठांनी पाठवलेले निरोप जपावेत. रुग्णांनी डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, रोख दिल्याच्या पावत्या जपाव्यात.

आपल्या कार्डावर न झालेला उपचार दाखवल्याचे कळले, तर चौकशीची वाट पाहू नये. महात्मा फुले योजनेचा १५५३८८ किंवा आयुष्मानचा १४५५५ या नंबरवर तक्रार करावी. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. आधी तक्रार करणारा आणि नंतर पकडला गेलेला यांत फार अंतर पडते.

अटक झालीच तर कारणे लेखी मागावीत, घरच्यांना कळवायला सांगावे आणि चोवीस तासांत न्यायाधीशांसमोर नेले जाते हे लक्षात ठेवावे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवाद असलाच तर महिला पोलीस अधिकारी आणि न्यायाधीशांची आधी घेतलेली परवानगी लागते. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते. त्या डॉक्टरांना साखर, रक्तदाब, दमा, फिट्स, टीबीची गोळी, गरोदरपण, सगळे सांगावे. टीबीच्या आणि फिट्सच्या गोळ्या एक दिवसही चुकू नयेत. कोठडीतल्या माणसाच्या प्रकृतीची काळजी घेणे ही ताब्यात ठेवणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी आहे. औषधाच्या चिठ्ठीची एक झेरॉक्स वकिलाकडे द्यावी, म्हणजे न्यायाधीशांना सांगून औषधे आत पोहोचवता येतात.

चौकशी चालू आहे म्हणून बाकीच्या घराने दवाखाना बंद करू नये. योजना आपल्या हक्काची आहे. फक्त कोऱ्या कागदावर सही नको, डिस्चार्जच्या वेळी आपल्या नावावर कोणता आजार आणि किती दिवस लिहिले ते विचारल्याशिवाय उठायचे नाही.

पुढच्या रविवारी विहारात किंवा महिला मंडळाच्या बैठकीत हा लेख एकाने मोठ्याने वाचावा. आणि प्रत्येक घराने आजच एक काम करावे: एका चिठ्ठीवर १५१०० हा नंबर लिहून ती रेशनकार्डाच्या पिशवीत, जातीच्या प्रमाणपत्राजवळ ठेवून द्यावी.